प्लॉट नंबर एकोणीसचा ईशान्य कोपरा

रत्नम्मा भित्री होती. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि तिनंही ते कधी लपवलं नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती बाजाराच्या वाटेवरून माघारी येई. दारात पोस्टमन दिसला की आधी पोटात गोळा उठे, मग हात पुढं होई. अशा बाईला नवरा मिळाला तो मल्लिनाथ. एसटीचा कंडक्टर, कंधार डेपोचा, बोलका, हसरा आणि जमिनीचा नाद लागलेला. जोडी जुळवताना देवानं थट्टाच केली म्हणायची.

मल्लिनाथचा नाद फार मोठा नव्हता. त्याला एक प्लॉट हवा होता, बस्स. नांदेड-कंधार फेऱ्या करता करता ज्वारीच्या शेतात पांढरे दगड उभे राहताना त्यानं बसच्या खिडकीतून पाहिले होते. ज्यांनी ते दगड विकत घेतले त्यांची घरं झालेलीही पाहिली होती. तो म्हणायचा, "सोनं चोरीला जातंय, नोट फाटतीय. जमीन कुठं पळून चालली?" दोन हजार सातमध्ये नांदेडला लातूर फाट्याच्या पुढं एका शेताचे तुकडे पडले. त्यातला तीस बाय चाळीसचा प्लॉट नंबर एकोणीस त्यानं घेतला. घेतला म्हणजे काय, तर भुजंग नावाच्या दलालानं शंभराच्या बॉन्डवर लिहून दिलं, पेढा दिला आणि पाठ थोपटली.

पेढा रत्नम्माच्या घशाखाली उतरला नाही. "ह्यानं हाच प्लॉट अजून कुणाला विकला असंल तर?" तिनं विचारलं. "शेतकऱ्याच्या पोरींनी उद्या हक्क सांगितला तर? शेजाऱ्यानं दगड सरकवला तर?" मल्लिनाथ हसला. भित्र्या माणसाचे प्रश्न नेहमीच बावळट वाटतात, पण त्या लेआउटमध्ये पुढं एकेक करून तेच घडलं. सात नंबर दोघांना विकलेला निघाला. बावीस नंबरचा दगड एका पावसाळ्यात हातभर चालत गेला. अकरा नंबरवर कुणीतरी पानटपरी टाकली आणि ती उठवायला मालकाला चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. रत्नम्मानं रोज उठून कानाशी भुणभुण केली म्हणून मल्लिनाथनं धावपळ करून गुंठेवारी नियमित करून घेतली आणि पक्कं खरेदीखत केलं. बायकोच्या भीतीनं आपला प्लॉट वाचला, हे मात्र त्यानं मरेपर्यंत कबूल केलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो भाकरी बांधून घेऊन प्लॉटवर जाई. चारही दगड आपल्या जागी आहेत का बघे, त्यांना लाल ऑइलपेंट लावी, मग पंचा अंथरून बसे आणि हवेत बोटानं घर काढी. इथं सैपाकघर, इथं बैठक. "दक्षिणेच्या अंगाला पाणी मुरतंय, घर जरा उत्तरेला सरकवून बांधू," असं घरी येऊन सांगे. रत्नम्मा त्याच्याबरोबर दोनदाच गेली. तिसऱ्यांदा गेली नाही, कारण दुसऱ्या वेळी तिथं सापाची कात दिसली होती. घर मात्र दर वर्षी पुढच्या दिवाळीला होणार होतं. एकदा सासूचं ऑपरेशन निघालं, एकदा मुलीचं, अक्षराचं, कॉलेज निघालं. बारा दिवाळ्या अशाच गेल्या.

सहा वर्षांपूर्वी श्रावणात, सकाळी दाढी करता करता मल्लिनाथ खाली बसला आणि उठलाच नाही.

तीन दिवस पाऊस धरून होता. लिंगायतांत प्रेताला अग्नी देत नाहीत, मातीत बसवतात. समाजाची दफनभूमी सखल भागात होती आणि तिथं खड्डा घेतला की पाण्यानं भरत होता. दारात माणसं जमली, स्वामी आले, आणि आता करायचं काय हे कुणालाच सुचेना. तेव्हा उदगीरहून आलेला थोरला दीर विरूपाक्ष म्हणाला, "जागा हुडकायला कशाला पायजे? मल्लूची सोताची जागा हाय की." ऐकून सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. त्यांच्या घराण्यात आजवर जो गेला तो आपल्या शेतात गेला होता. आज्याची समाधी शेतात, बापाची शेतात. स्वतःची जमीन असताना दुसरीकडं न्यायचं म्हणजे कमीपणाच की. खरी चूक झाली ती इथं. शेतात वाढलेल्या माणसांनी प्लॉटला शेत समजलं.

स्वामींनी ईशान्येचा कोपरा दाखवला. ती ईश्वराची दिशा. बेल, विभूती, मीठ घालून मल्लिनाथला मांडी घालून बसवला, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं आणि माती लोटली. वर हातभर उंचीचा विटांचा ओटा झाला, त्यावर एक दगडी लिंग बसलं. बारा वर्षं घर बांधतो बांधतो म्हणणारा माणूस असा एकदाचा आपल्या जागेत राहायला गेला. रत्नम्मा मागं भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिली.

आश्चर्य असं, की सापाच्या कातीला भ्यालेली ही बाई त्यानंतर दर सोमवारी एकटी प्लॉटवर जाऊ लागली. ओट्यावर पाणी घाली, बेल ठेवी, गल्लीतल्या बातम्या सांगे. जाता जाता चारही दगड आपल्या जागी आहेत का तेही बघे. आसपास तेव्हा बाभळीच होत्या, त्यामुळं विचारणारं कुणी नव्हतं.

मग शहर चालत चालत तिथवर आलं. डांबरी रस्ता झाला, नाली झाली, रस्त्याच्या कडेनं पाण्याची लाइन आली. बाभळी गेल्या आणि घरं उठली. प्लॉटची किंमत अशी चढली, की मल्लिनाथ असता तर त्यानं सगळ्या डेपोला पेढे वाटले असते. नेमकं त्याच वर्षी घरमालकानं सांगितलं, "काकू, दिवाळीला खोल्या मोकळ्या करा. पाडून बिल्डिंग बांधायलो." अक्षरा लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथंही भाड्याचंच घर, आणि लातुरात शिकवणीची पोरं कॉटमागं भाडं देतात, तिथं आई-लेकीला खोली देऊन कोण आपलं नुकसान करून घेईल? तिच्या मालकिणीनं दोनदा बोलून दाखवलं होतं. अक्षरा म्हणाली, "आई, प्लॉट वीक. हितं दोन खोल्यांचा जुना फ्लॅट येतोय तेवढ्यात. किती वर्षं लोकाच्या दारात काढायची?"

"आन अप्पा?" रत्नम्मानं विचारलं.

"अप्पा मातीत मिसळले, आई," अक्षरा म्हणाली. "आज्जांच्या समाधीसकट शेत विकलंच की मोठ्या अप्पांनी."

खोटं नव्हतं ते. पण शेत विकलं तर घेणारा नांगर चालवताना समाधी सोडून चालवतो, तिला निवद दाखवतो. प्लॉट घेणारा काय सोडणार? तिथं फुटाफुटाचा भाव असतो.

भुजंगनं पहिलं गिऱ्हाईक आणलं. त्या माणसानं ओटा पाहिला, हे काय म्हणून विचारलं आणि चपला झटकून निघून गेला. जाता जाता म्हणाला, "मसणवटा विकायला काढला का?" भुजंग जवळ आला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "वैनी, तो ओटा काढा तेवढा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक. तिसऱ्याला कशाला?"

तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. दुपारी शेजारपाजार झोपलेला असताना स्वतः खुरपं घेऊन गेली आणि एकेक वीट काढून कुंपणाकडेला रचली. दगडी लिंग पिशवीत घातलं. ओट्याच्या जागेवर भुजंगच्या माणसानं मुरूम टाकून दाबला. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. लिंग देव्हाऱ्यात ठेवलं तरी तिला वाटे, आपण चोरी करून आणलंय. आणि ज्याच्या डोक्यावरून छप्पर काढलं तो खाली बसून सगळं ऐकतोय.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बुद्धप्रिया. नायगावच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स, पस्तिशीची, स्वतःच्या पगारावर जागा घेणारी. ती आली तीच स्टीलचा टेप आणि कागदांची फाइल घेऊन. चारही बाजू मोजल्या, कर्ण मोजले, दगड हलवून पाहिले. शेजाऱ्यांना विचारलं पाणी किती दिवसाला येतं, नाली तुंबते का. मूळ सातबारा मागितला, फेरफार मागितला, गुंठेवारीचा आदेश मागितला. भुजंग वैतागला. "सिस्टर, एवढं तर बँकवालेबी बघत न्हाईत."

"मी एकदा पोळलेय," बुद्धप्रिया म्हणाली. "आधी एक प्लॉट घेतला होता. माझ्या आधी दोघांना विकलेला निघाला. सात वर्षांची बचत गेली. आता मी ताकसुद्धा फुंकून पिते." मग ती रत्नम्माकडं वळली. "मावशी, काही वाद, काही भानगड असली तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही. नंतर कळलं तर मात्र मला सोसवायचं नाही."

रत्नम्माच्या जिभेवर आलं होतं. पण तिला दिवाळी दिसली, रस्त्यावर मांडलेली भांडी दिसली, अक्षराची मालकीण दिसली. "काई भानगड न्हाई," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या बाईचा वाटला.

वकिलानं तीस वर्षांचा शोध घेतला. मूळ शेत कुणाचं, बोजा होता का, कोर्टात काही आहे का, सगळं अहवालात आलं. सहा फूट खालचं मात्र त्यात काहीच आलं नाही. कागद चोख निघाले. निघणारच, ते करून घेताना एका भित्र्या बाईनं नवऱ्याला झोपू दिलं नव्हतं. इसारपावती झाली. विकणारा फिरला तर इसाराच्या दुप्पट परत द्यायचे, असं त्यात लिहिलं होतं. इसाराचं पुडकं रत्नम्मानं धान्याच्या डब्यात ठेवलं आणि त्याला पुन्हा हात लावला नाही.

आठ दिवसांनी बुद्धप्रियानं तिला प्लॉटवर बोलावलं. खरेदीच्या आधीच तिनं घराचा नकाशा काढून आणला होता. हौस होती बिचारीला. तिच्या हातात फक्कीचा डबा होता आणि ती जमिनीवर पांढऱ्या रेघा मारत होती. "ही बैठक. हे स्वयंपाकघर. इथं आईची खोली, तिला गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून खालीच." रत्नम्माला एकदम मल्लिनाथचं बोट आठवलं. ह्याच हवेत त्यानंही बैठक काढली होती. बुद्धप्रिया बोलत बोलत ईशान्येच्या कोपऱ्याकडं गेली, नेमक्या त्या जागी उभी राहिली आणि तिनं चौकोन मारला. "आणि इथं पाण्याचा हौद. लाइन इथूनच जाते ना, पाइप कमी लागेल."

रत्नम्मानं विचारलं, "किती खोल?"

"सात-आठ फूट."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण भ्यालेला माणूस खरं सोडून हाताला लागेल ते बोलतो. "तिथं नगं बाई," ती म्हणाली. "तिथं खडक लागतोय. काळा पाषाण. आमच्या ह्यांनी कधी काळी खोदून बघितला होता."

बुद्धप्रियाचा चेहरा उतरला. तिनं फाइल उघडून काहीतरी टिपून घेतलं. "बरं झालं बोललात. खडक असेल तर पायाचाही खर्च वाढणार. मग असं करू, खरेदीच्या आधीच खड्डा मारून बघू. भुजंगभाऊ, जेसीबी मिळेल ना? बुधवारी सकाळी येऊ द्या."

लपवायला म्हणून बोललेल्या एका वाक्यानं रत्नम्मानं स्वतःच नवऱ्याच्या डोक्यावर जेसीबी बोलावला होता.

मधले दोन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. रस्त्यात जेसीबीचा आवाज आला तरी ती दार लावून घेई. भाकरी थापताना हात थांबत. तिला सारखा एकच देखावा दिसे. दातेरी सुपडं खाली जातंय, वर येतंय, आणि मातीतून घरंगळत तिच्या पायाशी येतंय ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलेलं लिंग. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ त्यानं ते हातावर धरून पुजलं होतं. एसटीतल्या गर्दीत खिसा मारला गेला तरी त्याला पर्वा नसे, पण गळ्यातलं लिंग चाचपल्याशिवाय तो बसमधून उतरत नसे.

तिनं भुजंगला फोन केला. तो म्हणाला, "कायच घाबरून राहिल्या वैनी? सहा वर्षं झाली, मीठ घातलेलं. आता काय ऱ्हायलं असंल? जेसीबीवाला आपलाच माणूस हाय. काई निघालं तर गपचिप बाजूला सारंल, वरून माती टाकंल. सिस्टरला मी तिकडं नकाशात गुतवून ठेवतो." त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, की रत्नम्माला जेसीबीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. गपचिप बाजूला सारंल! ती फोन ठेवून तशीच भिंतीला टेकून बसून राहिली.

अक्षराला फोन लावला. "तू जाऊच नको तिकडं," अक्षरा रडवेली होऊन म्हणाली. "बघायलाच जाऊ नको, आई. दोन तासांचा प्रश्न हाय."

"तुझ्या बापाचा प्रश्न हाय," रत्नम्मा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. लेकीशी असं ती आयुष्यात बोलली नव्हती.

बुधवारी ती सातलाच प्लॉटवर पोचली. पिशवीत दगडी लिंग होतं आणि इसाराचं पुडकं होतं. फक्कीचा चौकोन अजून पांढराशुभ्र होता. ती त्याच्या मधोमध गेली आणि मांडी घालून बसली. ठरवून आली नव्हती. उभं राहवेना म्हणून बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की खाली तोही असाच बसलाय, ह्याच दिशेला तोंड करून.

आठच्या सुमाराला जेसीबी वळणावरून आला. आधी जमीन थरथरली, मग आवाज आला, मग पिवळं धूड दिसलं. रत्नम्मानं पिशवी छातीशी धरली. पळून जावं असं तिला शंभरदा वाटलं, आणि पळायला पायात बळ नव्हतं म्हणून ती बसून राहिली, असंही म्हणता येईल. भुजंग पुढं धावला. "वैनी, उठा की, काय चाललंय? माणसं बघायलेत!" तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. चालकानं यंत्र चालूच ठेवलं होतं आणि सुपडं तिच्या डोक्यापासून दहा हातांवर अधांतरी थांबलं होतं.

बुद्धप्रिया स्कूटीवरून उतरली. "मावशी? बरं वाटत नाही का?"

"बाई, हितं खडक न्हाई," रत्नम्मा म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की बुद्धप्रियाला खाली वाकावं लागलं. "हितं आमचे हे हायत. सहा वर्षं झाली. आमच्यात जाळत न्हाईत, बसवतेत. मी खोटं बोलले तुमच्याशी. पयल्या दिवशीबी बोलले, परवाबी बोलले."

बुद्धप्रिया दोन पावलं मागं सरकली. परवा आपण कुठं उभ्या होतो, कुठं रेघा मारल्या, हे तिला आठवलं असावं, कारण तिनं आपल्या पायांकडं पाहिलं. मग तिनं हात वर करून चालकाला यंत्र बंद करायला सांगितलं. एकदम शांतता झाली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "सगळे कागद बघितले मी. सगळे. तुमच्या तोंडाकडं बघून एकच गोष्ट विचारली होती."

रत्नम्मानं पुडकं काढून पुढं केलं. "हे तुमचं. हात लावला न्हाई. दुप्पट लिहिलंय, तेवढं माझ्यापाशी आज न्हाई. पर देईन."

"दुप्पट नको मला," बुद्धप्रिया म्हणाली. तिनं पुडकं घेतलं. ती स्कूटीपर्यंत गेली, किल्ली लावली, आणि पुन्हा परत आली. राग गेलेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "मावशी, आज तुम्ही बसलात. तुमच्यानंतर कोण बसणार? कागदावर कुठंच नाही हे. उद्या माझ्यासारखी कुणीतरी टेप घेऊन येईल, तिला कागद चोख दिसतील आणि ती खोदेल. भीती वाटत असेल तर लिहून ठेवा." एवढं बोलून ती गेली. पुढं तिनं कधी फोन केला नाही, आणि करावा अशी अपेक्षा करण्याचा हक्क रत्नम्मालाही नव्हता.

तुमच्यानंतर कोण बसणार. हे वाक्य रत्नम्माच्या मनातून जाईना. तिनं विटा परत रचल्या, लिंग परत बसवलं, आणि तरी ते वाक्य गेलं नाही. आजवर ती शंभर गोष्टींना भ्यायली होती, पण त्या सगळ्या ती जिवंत असतानाच्या होत्या. आपण मेल्यावरचीही भीती असते, हे तिला नव्यानं कळलं. अक्षरा वाईट नव्हती. पण अक्षरा भाड्याच्या खोलीत राहणारी होती, आणि भाड्याची खोली माणसाला काय करायला लावते हे रत्नम्माला आता चांगलंच ठाऊक झालं होतं.

पुढच्या सोमवारी अक्षरा लातूरहून आली. दोघी रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्या बॉन्ड रायटरकडं गेल्या. रत्नम्मानं मृत्युपत्र करायचं सांगितलं आणि त्यात काय लिहायचं तेही सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "असं आजवर कुणी लिहून घेतलं न्हाई, बाई. लिहायला काय, मी लिहितो. मानायचं का न्हाई ते मागच्यांनी ठरवायचं." मग त्यानं ठरलेल्या पद्धतीनं चतुःसीमा लिहिली. पूर्वेस रस्ता. पश्चिमेस प्लॉट नंबर वीस. दक्षिणेस नाली. उत्तरेस प्लॉट नंबर अठरा. आणि ईशान्य कोपऱ्यात सहा फूट बाय सहा फूट जागेत मल्लिनाथ यांची समाधी असून ती जागा कोणीही, कोणत्याही कारणानं खोदू नये.

अक्षरानं कागद दोनदा वाचला. "आई, हे लिहिल्यावर प्लॉट कुणी घेणार न्हाई. कळतंय ना तुला?"

"हाव."

"दिवाळीला जायचं कुठं?"

"तू म्हणशील तिथं," रत्नम्मा म्हणाली. "पर आधी हे." लेकीनं कागद टेबलावर टाकून उठून जावं, एवढीच काय ती भीती होती आता, आणि ती आजवरच्या सगळ्यांहून मोठी होती.

अक्षरा उठली नाही. मग बॉन्ड रायटरला म्हणाली, "काका, सहा बाय सहा खोडा. सहा बाय बारा करा. शेजारी तेवढीच जागा राखून ठेवायची म्हणून लिहा."

"कुणासाठी लिहू?"

अक्षरानं नुसतं हनुवटीनं आईकडं दाखवलं.

रत्नम्माच्या पोटात, पोस्टमन दारात यावा तसा, गोळा उठला. मग खुर्ची पुढं ओढून तिनं चतुःसीमेच्या ओळींवर बोट ठेवलं. "दक्षिणेच्या अंगाला नगं," ती म्हणाली. "तिकडं नालीचं पाणी मुरतंय. ह्यांच्या पश्चिमेला लिहा."